गालाचा कॅन्सर: ऑपरेशन, शेक आणि त्यानंतर. घरच्यांनी काय धरून चालावं?

शिरवळकर | ३ जून, रात्री ११:४०

एरवी मी इथला वाचनमात्र सभासद. आज लिहायची वेळ आली.

वडिलांना (वय ६१) उजव्या गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर निघालाय. तंबाखू-चुना लग्नाच्या आधीपासूनचा. दाढ टोचते, म्हणून तिथे जखम होते, असं म्हणत त्यांनी सगळा उन्हाळा काढला. शेवटी दाताच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी तोंडात बघितलं आणि दाढेला हात न लावता पुण्याला चिठ्ठी दिली. तुकडा तपासून आला, मानेचा एमआरआय आणि छातीचा सीटी झाला. फुफ्फुसात काही नाही. कागदावर आजार किती पुढे गेलाय त्याची खूण म्हणून टी४ए, एन१ असं लिहिलंय.

सर्जन म्हणाले, हाडापर्यंत गेलंय, म्हणून गालासोबत खालच्या जबड्याचा भाग आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील. पायाचं हाड आणि कातडी घेऊन जबडा परत बांधतील. नंतर शेक (म्हणजे रेडिएशन), आणि रिपोर्ट बघून गरज वाटली तर शेकासोबत केमो. ते सांगत होते तेव्हा आम्ही सगळे नुसते माना हलवत होतो. बाहेर टपरीवर आल्यावर एकेकाला प्रश्न सुचायला लागले. ते बोलू शकतील का? जेवणार कसे? आई विचारते, तुकडा काढल्यामुळे पसरला तर नाही ना? काका म्हणतात, इथे थांबूच नका, थेट टाटा गाठा.

औषधोपचाराचं डॉक्टर बघतील. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी रोजच्या जगण्यातलं सांगा. तयारी कशाची ठेवू?

---

मोगरा | ४ जून, सकाळी ७:१०

शिरवळकर, पहिल्यांदा आईंना सांगा की तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. त्या रिपोर्टशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर उपचार सुरू करणार नाही.

माझ्या नवऱ्याच्या जिभेचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं, नंतर शेक आणि केमो दोन्ही. आज ते कामावर जातात. तिखट खात नाहीत आणि फोनवर त्यांचं बोलणं नव्या माणसाला दोनदा विचारावं लागतं, बाकी ठीक.

तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं एकच आहे. सगळे ऑपरेशनला घाबरतात. ऑपरेशन मोठं असतं, पण तिथे सगळं हॉस्पिटलवाले करतात आणि पेशंट रोज थोडा थोडा सुधारताना दिसतो. शेकाचं उलटं. माणूस चालत जातो, पहिला आठवडा काहीच होत नाही, आणि मग दर दिवशी थोडं बिघडत जातं. त्यात तो घरी असतो, म्हणजे सगळं तुमच्यावर. ताकद, पैसे, रजा, भावंडांच्या पाळ्या, जे काही वाचवून ठेवायचं ते त्या काळासाठी ठेवा. आमच्याकडे ऑपरेशनला बारा माणसं होती आणि शेकाच्या पाचव्या आठवड्यात मी एकटी.

आणि आत्तापासून त्यांचं वजन सांभाळा. अजून तोंडाने जातंय ना? मग अंडी, दूध, डाळ, तूप, जे आवडेल ते. उपास-बिपास सगळे बंद.

---

दंतकथा | ४ जून, सकाळी ९:३२

मी दाताची डॉक्टर आहे, म्हणून माझ्यापुरतंच बोलते.

शेक सुरू होण्याआधी दातांची पूर्ण तपासणी करून घ्या. हलणारे, किडलेले, मुळाशी पू असलेले दात आधीच काढावे लागतात आणि ती जखम भरायला साधारण दोन आठवडे हवेत. बऱ्याचदा सर्जन हे ऑपरेशनच्या टेबलावरच उरकून टाकतात, तेव्हा आधीच विचारून ठेवा. कारण असं, की शेक लागलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर कधी दात काढला तर ती जागा भरत नाही, हाड उघडं पडून सडू शकतं. ही भीती वर्षा-दोन वर्षांत संपत नाही, जन्मभर राहते. दहा वर्षांनी गल्लीतल्या दवाखान्यात दात काढायला बसले तरी 'मला शेक दिलेला आहे' हे पहिलं वाक्य असलं पाहिजे.

उरलेल्या दातांना फ्लोराइडची जेल लागेल. लाळ कमी झाली की दात फार झपाट्याने किडतात.

अजून एक. आज त्यांचं तोंड किती उघडतं? त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. तंबाखू-सुपारीवाल्यांचं तोंड आधीच आखडलेलं असतं, ऑपरेशन आणि शेकाने आणखी आखडतं. सर्जनने परवानगी दिली की व्यायाम सुरू करायचा आणि सोडायचा नाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. स्वस्तातला उपाय आहे, पण कंटाळा न करता करणारे पेशंट मी फार थोडे पाहिलेत.

---

निसर्गमार्गी | ४ जून, दुपारी १:०५

कापाकापी केली की हा आजार चवताळतो, हे मी अनेक घरांत बघितलंय. आमच्या भागात एक वैद्य काढा देतात, तीन महिने घेऊन बघा. ऑपरेशन कुठे पळून जात नाही.

---

लिनॅकवाला | ४ जून, दुपारी २:४८

@निसर्गमार्गी, ऑपरेशनच पळून जातं. मी शेक देणाऱ्या मशीनवर काम करतो. आज ज्यांचं ऑपरेशन होऊ शकतं असे लोक तीन महिने काढा घेऊन येतात, तेव्हा गाठ गालाच्या बाहेर आलेली असते, तोंड एक बोटभर उघडत असतं, आणि मग सर्जन हात लावायला तयार नसतात. टी४ए म्हणजे पुढे गेलेला, पण काढता येण्याजोगा. टी४बी झाला की गोष्ट बहुतेक वेळा बदलते. त्या दोन अक्षरांमध्ये कधीकधी काही आठवड्यांचंच अंतर असतं.

शिरवळकर, उपचार चालू असताना कुठलाही काढा, भस्म, चूर्ण द्यायचं असेल तर डॉक्टरांना दाखवून द्या. केमो चालू असताना किडनीवर आधीच ताण असतो.

शेकाबद्दल सविस्तर लिहितो, आज ड्यूटी आहे.

---

हिशोबनीस | ४ जून, संध्याकाळी ६:२०

पैशांचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, शेक आणि केमो बसतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण दोन गोष्टी पाळाव्या लागतात. हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायला हवी. बिल भरून नंतर परत मागायची सोय यात नाही. हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा माणूस बसलेला असतो, पहिला त्याला गाठा. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, एमआरआय. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स काढून एका पिशवीत ठेवा. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आजच कामाला लागा. माझ्या चुलत्यांचं सगळं त्या एका काना-मात्रेवर अडलं होतं.

टाटाबद्दल. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासूनचं, तिथला अनुभव वादातीत. पण गर्दीही तशीच, आणि बाहेरगावच्या माणसाला शेकाच्या सहा-सात आठवड्यांसाठी मुंबईत राहायचं कुठे हा खरा प्रश्न असतो. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, पेशंट आणि नातेवाइकांची तिथे सोय होते, पण जागा मिळेल असं धरून जाऊ नका. कागदपत्रं टाटाला दाखवून मत घ्यायचं आणि उपचार जवळ करायचे, हा मधला रस्ता बरेच लोक धरतात. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशभरातली बरीच हॉस्पिटलं त्यात एकत्र येऊन उपचारांची पद्धत सारखी ठेवायचा प्रयत्न करतात. तुमचं हॉस्पिटल त्यात आहे का विचारा. आणि तुमच्या सर्जनने अशी किती ऑपरेशनं केलीत, पायाचं हाड लावणारे प्लास्टिक सर्जन तिथेच आहेत का, हे विचारायला लाजू नका.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे. हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही लागते.

---

लिनॅकवाला | ५ जून, रात्री १०:१५

आता शेक. काही जण 'लाईट' म्हणतात, काही 'करंट'. यात करंट नसतो, चटका बसत नाही, देताना काहीच दुखत नाही. एक्स-रे काढताना जेवढं कळतं तेवढंच.

आधी एक दिवस मास्क बनवतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि खांद्यांपर्यंत ताणतात, काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकारात कडक होते. रोज तीच लावून टेबलाला पक्की करायची, म्हणजे मान हलत नाही. बंद जागेची धास्ती असलेल्यांना हा मास्क फार जड जातो. तसं असेल तर आधी सांगा, सवय करून देता येते. मग सीटी, आणि त्यावर डॉक्टर आणि फिजिसिस्ट मिळून आखणी करतात. यात काही दिवस जातात. लोकांना वाटतं उगाच थांबवलंय, पण लाळेच्या ग्रंथी, पाठीचा कणा, दुसऱ्या बाजूचा जबडा वाचवायचं काम त्या दिवसांत होतं.

ऑपरेशननंतरचा शेक साधारण ६० ग्रे (ग्रे हे शेकाच्या डोसचं माप), ३० भागांत. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सहा आठवडे. काही वेळा ६६ पर्यंत नेतात. ऑपरेशन न करता फक्त शेकावर बरं करायचं असेल (घशाच्या, स्वरयंत्राच्या बऱ्याच पेशंटना तसंच करतात) तर ७० ग्रे, सात आठवडे. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा असा प्रयत्न असतो. त्यामुळे जखम भरण्याच्या काळात दात, मास्क, योजनेची मंजुरी ही कामं मागे लागून करून घ्या.

मध्ये खाडे करू नका. मशीन बिघडलं, सण आला, तर डॉक्टर त्याची भरपाई आखतात. पण 'आज बरं वाटत नाही, उद्या जाऊ' हे तिसऱ्या आठवड्यापासून रोज वाटणार आहे. लांबलेल्या शेकाचा गुण कमी होतो, याला भरपूर पुरावा आहे.

अंगात काही राहत नाही. घरी जाऊन नातवंडांना मांडीवर घेतलं तरी चालतं. ताट-वाटी वेगळी ठेवणाऱ्या घरांचा मला मनापासून राग येतो.

---

टिळक_रोड | ६ जून, सकाळी ८:०२

प्रश्न वेगळा आहे, पण इथेच विचारतो. बहिणीला जिभेवर छोटी गाठ आहे. मानेत काहीच लागलेलं नाही, तरी डॉक्टर मानेतल्या गाठी काढायच्या म्हणतात. गरज आहे का, की बिल वाढवायचे धंदे?

---

लिनॅकवाला | ६ जून, सकाळी ८:४०

@टिळक_रोड, धंदे नाहीत. नेमक्या याच प्रश्नावर टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला, २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आला. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर, मानेत गाठ नाही, अशा पेशंटचे दोन गट. एकात मान लगेच साफ केली, दुसऱ्यात गाठ दिसेपर्यंत वाट पाहिली. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के जिवंत, दुसऱ्यात साडेसदुसष्ट. जगभर आता त्याचा आधार घेतात. बहिणीचं वेळेत करून घ्या.

---

सॅन_होजे_वरून | ६ जून, सकाळी ११:२५

एक सावधगिरीची सूचना. माझ्या दिरांवर इथे अमेरिकेत उपचार झाले, टॉन्सिलचा कॅन्सर, एचपीव्ही विषाणूमुळे झालेला. इंग्रजीत 'हेड अँड नेक' म्हणून शोधलं की इकडची जी माहिती समोर येते ती बरीचशी याच प्रकाराची असते. तो शेकाला फार चांगली दाद देतो, बहुतेकांना जबड्याचं ऑपरेशन लागत नाही. गालाचा तंबाखूवाला कॅन्सर वेगळा वागतो, त्याचे उपचार वेगळे, आकडे वेगळे. तिकडचे आकडे बघून हुरळूही नका आणि 'आमच्या डॉक्टरांनी शेकावर का नाही भागवलं' म्हणून भांडूही नका. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या गोंधळाने महाभारत झालं होतं.

---

शिरवळकर | ६ जून, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. पुण्यातच करायचं ठरलं, हॉस्पिटल योजनेत आहे. टाटाचं मत मागवलं, त्यांनीही हेच उपचार सांगितले, त्यामुळे काका शांत. दातांची तपासणी झाली, तीन काढायचे आहेत, ते ऑपरेशनमध्येच काढतील.

बाबांना मात्र अजून कुणी स्पष्ट सांगितलेलं नाही. आई म्हणते 'गाठ' म्हणा.

---

दुसरा_आवाज | ७ जून, सकाळी ६:३०

शिरवळकर, पेशंटच्या बाजूने लिहितो. माझं स्वरयंत्र काढलंय. गळ्याला कायमचं छिद्र आहे, त्यातून श्वास घेतो. आत एक छोटी व्हॉल्व्ह बसवलेली आहे, छिद्रावर बोट ठेवलं की बोलता येतं. भाजीवाल्याशी घासाघीस करतो, रिक्षावाल्याशी भांडतो.

त्यांना सांगा. ज्याचा जबडा कापणार त्याला माहीत नाही असं होत नसतं. वॉर्डात शेजारचा पेशंट पहिल्याच दिवशी सांगून टाकेल. त्यापेक्षा मुलाने सांगितलेलं बरं. आणि सांगताना 'शुद्धीवर याल तेव्हा गळ्यात नळी असेल, आवाज निघणार नाही, पण ती थोड्या दिवसांत काढतील आणि आवाज परत येईल' हे नक्की सांगा. त्यांचं स्वरयंत्र शाबूत आहे. सूज आल्यावर श्वास अडू नये म्हणून ती नळी असते. मला हे ठाऊक होतं म्हणून मी शांत होतो. माझ्या बाजूच्या खाटेवरचा माणूस आवाज कायमचा गेला समजून भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

लिहिता येतं ना त्यांना? पाटी किंवा जाड पेन आणि वही ठेवा. लिहिता येत नसेल तर चित्रं: पाणी, दुखतंय, लघवी, कूस बदला. चष्मा विसरू नका.

---

शिरवळकर | २१ जून, रात्री १२:१५

ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं, रात्री बाहेर आणलं. काल वॉर्डात आणलं.

बाबांना मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, तुमचंच चाललं होतं नाटक."

नाकात नळी, गळ्यात नळी, मानेतून दोन ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या), पायाला पट्टी. चेहरा इतका सुजलाय की आईने दारातूनच परत फिरायचं म्हटलं. सिस्टर रात्री दर तासाला येऊन तोंडात टॉर्च मारतात, लावलेल्या कातडीचा रंग बघतात. बाबांची झोप होत नाही. हे जरुरी असतं का?

---

मोगरा | २१ जून, सकाळी ६:४५

अगदी जरुरी. पायातून आणलेल्या तुकड्याच्या बारीक रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत तिथे गुठळी झाली तर तुकडा काळा-निळा किंवा पांढरा पडतो. लगेच लक्षात आलं तर परत आत नेऊन वाचवता येतो. सिस्टरांना चहा पाजा.

सूज आठवड्याभरात बरीच उतरते. पायाची काळजी नको, ते पिंढरीतलं बाहेरचं बारीक हाड असतं, शरीराचा भार दुसऱ्या हाडावर. फिजिओ सांगतील तसं चालवा. मानेच्या ऑपरेशनमुळे खांदा उतरतो, हात वर जात नाही, त्याचाही व्यायाम लगेच विचारून घ्या. आमच्याकडे ते राहून गेलं, ह्यांना अजून शर्ट घालताना त्रास होतो.

नळीतून भरवायला घरी शिकून जा. डोकं वर करून बसवायचं, आधी नळी जागेवर आहे ना ते सिस्टरांनी शिकवलंय तसं बघायचं, हळूहळू सोडायचं, नंतर पाणी घालून नळी धुवायची, अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. मी मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, नाचणीचं सत्व, शेंगदाण्याचं कूट घालून दूध, सगळं मिक्सरमधून काढून दोनदा गाळायची. एकदा गाळलेलं नळीत अडकतं. नुसतं डाळीचं पाणी आणि नारळपाणी देत बसू नका, त्यात काही नसतं. डायटिशियनकडून प्रमाण लिहून घ्या.

---

शिरवळकर | ६ जुलै, संध्याकाळी ७:३०

रिपोर्ट आला. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत, म्हणजे कडेला कॅन्सर नाही. मानेतल्या एका गाठीत कॅन्सर आहे आणि तो गाठीचं आवरण फोडून बाहेर आलाय. म्हणून शेकासोबत केमो, सिसप्लॅटिन, आठवड्याला एकदा. गळ्यातली नळी काढली. आवाज आला! पहिला शब्द शिवीचा होता, तो इथे लिहीत नाही.

---

लिनॅकवाला | ६ जुलै, रात्री ९:०५

आवरण फुटलेलं असलं किंवा कडेला कॅन्सर उरला असला तर शेकासोबत केमो देतात. तुमच्याकडे काही वेगळं निघालेलं नाही. सिसप्लॅटिन किडनी आणि कानांवर जातं. दर वेळी आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासतील, सलाईन देतील. कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं, ऐकू कमी आलं तर 'वयामुळे असेल' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी सांगा. सिसप्लॅटिन झेपत नसेल त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत, डोसिटॅक्सेलवरचा टाटाचाच अभ्यास आहे. पाणी नळीतून का होईना, भरपूर.

---

शिरवळकर | १४ ऑगस्ट, रात्री २:२०

चौथा आठवडा संपतोय. मोगराताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं. पहिले दहा-बारा दिवस काही नाही, बाबा सगळ्यांना सांगत होते की उगाच घाबरवलं. आता तोंडात पांढरे चट्टे, थुंकी गिळवत नाही. लाळ इतकी चिकट की कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार येते, रात्री तिनेच ठसका लागून उठतात. मानेची कातडी काळी पडून सोलतेय. कशालाच चव नाही, पाणी पण कडू लागतं म्हणतात. आज म्हणाले, बास, उद्यापासून मी येणार नाही. काय करू?

---

मोगरा | १४ ऑगस्ट, पहाटे ५:१०

जागीच होते. उद्या सकाळी त्यांना घेऊन जाच, शेक झाल्यावर ओपीडीत बसून राहा आणि डॉक्टरांना सांगा की दुखणं सहन होत नाही. नुसतं 'त्रास होतोय' म्हणू नका, गर्दीत ते वाहून जातं. 'थुंकी गिळता येत नाही, रात्री झोप नाही, शेक सोडायचं म्हणतात' असं सांगा. ह्यांना तेव्हा मॉर्फिन दिलं होतं. मी दचकले होते, मॉर्फिन म्हणजे शेवट असं डोक्यात होतं. तसं काही नाही, शेक संपून तोंड भरल्यावर हळूहळू बंद केलं. त्याने बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबत मागून घ्या.

गुळण्या दिवसातून सहा-आठ वेळा. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश बिलकूल नाही. बधिर करणारं औषध भरवण्याआधी. कातडीवर हॉस्पिटलने दिलेलंच मलम, हळद-खोबरेल काही लावू नका, दाढी करू नका, सुती मऊ कापड. ताप आला तर रात्री असो की पहाट, फोन करायचा, केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात.

वजन किती उतरलं?

---

शिरवळकर | १४ ऑगस्ट, सकाळी ६:००

पाच किलो. नळी अजून आहे, पण नळीतलंही उलटून पडतं.

---

लिनॅकवाला | १४ ऑगस्ट, सकाळी ७:५५

उलटीचं औषध बदलून मिळेल, सांगा. थोडं थोडं, दर दीड-दोन तासांनी द्या. वजन फार उतरलं की मास्क सैल होतो, मग नवीन बनवून आखणी परत करावी लागते, तेव्हा वजनाचा आकडा आम्हालाही सांगत जा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तेव्हा धक्का बसेल. शेवटचा शेक झाला की दुसऱ्या दिवसापासून बरं वाटत नाही. पुढचे दोन आठवडे तसेच, कधीकधी जास्त वाईट. घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं, त्वचेला आणि तोंडाला भरून यायला तेवढा वेळ लागतो. शेवटच्या दिवशी पेढे वाटू नका, महिन्याने वाटा.

---

दुसरा_आवाज | १४ ऑगस्ट, सकाळी ९:१०

बाबांना माझ्याकडून सांगा, मीही चौथ्या आठवड्यात बास म्हटलं होतं. आमच्या वॉर्डात जवळजवळ सगळ्यांनीच म्हटलं होतं. वाटलं तर त्यांच्याशी व्हिडिओ कॉल करतो. विपू (खासगी निरोप) करा.

---

शिरवळकर | २० नोव्हेंबर, रात्री ८:४५

बरेच दिवस लिहिलं नाही. शेक पूर्ण झाला. केमोचा शेवटचा डोस क्रिएटिनिन वाढल्यामुळे दिला नाही, डॉक्टर म्हणाले चालेल. लिनॅकवाला म्हणाले तसे नंतरचे दोन आठवडे सगळ्यांत वाईट गेले. बाबांचा आणि 'दुसरा आवाज' यांचा आता रोज सकाळी कॉल असतो, त्यात माझी तक्रार सोडून काय बोलतात माहीत नाही.

नळी गेल्या महिन्यात निघाली. मऊ भात-आमटी, उपमा, शिरा जातो. गोड कळतं, खारट अजून नीट नाही. तोंड दोन बोटं उघडतं, काड्यांचा व्यायाम चालू आहे. खिशात पाण्याची बाटली लागते. हनुवटीखाली सकाळी सूज दिसते, दुपारपर्यंत उतरते. गालातल्या कातडीवर केस उगवलेत! पायाची कातडी, म्हणून पायाचे केस. बाबा म्हणतात आता तोंडाची पण दाढी करायची का.

तंबाखू बंद आहे. म्हणजे आमच्यासमोर बंद आहे. परवा पारावर जाऊन बसले होते, तिथे सगळे मळत बसतात. पुढे काय काय बघत राहायचं?

---

दंतकथा | २० नोव्हेंबर, रात्री ९:३०

केस छाटता येतात, पुढच्या भेटीत दाखवा. शेक लागला असेल तिथले बरेचसे आपोआप जातात. दोन बोटं ही या टप्प्यावर वाईट नाहीत, पण आखडणं नंतरही चालूच राहतं, म्हणून काड्या सोडू नका. फ्लोराइड रोज.

---

मोगरा | २० नोव्हेंबर, रात्री १०:०५

सूज लसीकेची (लिम्फ नावाच्या द्रवाची) असते. मालिश करायची पद्धत फिजिओ दाखवतील. चव यायला काही महिने, लाळेला वर्षभरही लागतं आणि पूर्वीइतकी बहुतेक येत नाहीच. आमटीचं भांडं मोठं घ्या.

पारावरच्या मंडळींशी तुम्ही स्वतः बोला. बाबांसमोर नको. त्यातल्या दोघा-तिघांना तोंडं तपासायला दंतकथांकडे पाठवता आलं तर आणखी छान.

---

लिनॅकवाला | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी, परत उलटायचा असेल तर बहुतेक याच काळात उलटतो. तोंडात किंवा मानेत नवी जखम, गाठ, कान दुखणं असं दोन आठवड्यांहून जास्त राहिलं तर तारखेची वाट न बघता जा. मानेला शेक लागल्यामुळे थायरॉइड हळूहळू मंदावतं, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी सहा महिन्यांनी. थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं हे त्याचंही असू शकतं. योजनेच्या कागदांची पिशवी जपून ठेवा, पुढच्या तपासण्यांना तीच फाइल लागते.

---

टिळक_रोड | २१ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

बहिणीचं झालं. मानेतल्या एका गाठीत बारीक कॅन्सर निघाला, बाहेरून लागत नव्हता. तिचा मास्क सोमवारी. दातांची तपासणी झालीय, नाचणीचं सत्व दळून आणलंय. मोगराताई, गाळायला पंचा चालेल की चहाची गाळणी?

---

मोगरा | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

आधी गाळणी, मग जुन्या मऊ धोतराचा तुकडा, रोज उकळून घ्यायचा. तिला अजून तोंडाने जातंय ना? मग आत्ता नळीची तयारी राहू दे, आज तिला जे आवडतं ते पोटभर घाला.